तलवार न घेतलेल्या आईंना

प्रिय आई,

तुमच्या तेराव्याला आलेली माणसं परवा लातूरला परतली. आज गुरुवार, कंपनीला सुट्टी. हे बाहेर गेलेत. सकाळपासून दोनदा तुम्हाला हाक मारून झाली, तेव्हा म्हटलं लिहूनच टाकावं. तोंडावर आभार मानायचे राहूनच गेले ना!

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तुम्ही रहाटणीच्या या दोन खोल्यांत अडकून पडलात, ते दिवस आठवतात? आठवडाभर चाकणला पार्ट तपासून आले की गुरुवारी मी मोबाइलवर गेम लावून बसायची. वाटायचं, सासूबाई आज नक्की बोलणार. बोललातही!

"काय करायलीस गं? मला बी दाव की."

मी समजावलं. बाकीच्या गेममध्ये सुरुवातीलाच ठरतं, तुम्ही योद्धा की जादूगार. मग शेवटपर्यंत तेच. यात तसं नाही. सगळे रिकाम्या हातांनी सुरू करतात. जे स्किल घ्याल आणि वापराल, ते वाढत जातं. पॉइंट मात्र मोजकेच.

"म्हंजी आपण काय व्हायचं ते आपणच ठरवायचं? दुसरं कुणी न्हाई?"

"कोणीच नाही."

केवढा वेळ स्क्रीनकडे बघत बसला होतात! मी म्हटलं, तलवार घ्या, सगळे तीच घेतात. तुम्ही कशाला ऐकताय! झाडपाला ओळखणं, जखम भरणं आणि ढाल, यातच सगळे पॉइंट टाकलेत. "मला कुणाला मारायचं न्हाई. पडलेल्याला उठवीन."

आमच्या ग्रुपमधला सांगवीचा ओंकार तुम्हाला आधी पोरगाच समजायचा. "भावा, हील दे, मरतोय!" असा ओरडला आणि माइकवरून तुमचा आवाज गेला, "देते की, दम धर." त्या दिवसापासून तुम्ही ग्रुपच्या आजी झालात.

आणि मग मी ते केलं. अजून लाज वाटते. किल्ल्याची लढाई आम्ही तीन आठवडे हरत होतो. मला वाटलं, अजून एक तलवार हवी. तुम्ही दुपारी झोपलात तेव्हा मी तुमचा मोबाइल घेतला, सगळी स्किल रीसेट केली आणि पॉइंट तलवारीत टाकले. आणि उठल्यावर तुम्हालाच हौसेनं सांगितलं!

तुम्ही चिडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही हळूच म्हणालात, "माझी शाळा सोडवली, मला विचारलं न्हाई. लगीन लावलं, विचारलं न्हाई. तुला काय शिकायचंय, हे पहिल्यांदा ह्या गेमनं विचारलं मला. आन् ते तू पुसून टाकलंस. कामून?"

मी घाईनं तुमचा मोबाइल घेतला, सगळा गेम धुंडाळला.

रीसेट केलेलं परत आणायची सोय नव्हती. तुम्ही दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून पाला गोळा करायला लागलात. मीही माझं धनुष्य ठेवून तुमच्यामागे गेममधल्या त्या रानात फिरले. तीन दिवस तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. चौथ्या दिवशी म्हणालात, "नदीच्या कडंला लाल फुलाचं हाय, ते बी घे." तेवढ्यावरच मला रडू फुटलं, तुम्हाला ठाऊक होतं का?

महिनाभरानं किल्ला घेतला तो तुमच्या जोरावर. मी पडले, ओंकार पडला, आणि तुम्ही ढालीआड बसून एकेकाला उठवत राहिलात. पोरं नुसती बोंबलत होती, "आजी! आजी!"

त्या संध्याकाळी मी भाकरी थापत होते. तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात. एकदम विचारलंत, "आन् तू? तुला काय शिकायचंय?"

आई, नऊ वर्षं पार्ट तपासत होते, पण हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी स्वतःलासुद्धा नाही! कंपनीत रोबोट वेल्डिंगच्या संध्याकाळच्या ट्रेनिंगसाठी नावं मागत होते आणि घरच्या कामाकडे बघून मी नाव दिलं नव्हतं. मी ते बोलून दाखवताच तुम्ही तुमच्या मुलाला सरळ सांगितलंत, "संतोष, ती जाणार. सांजचा सैपाक मी बघते." चार महिने त्या दुखऱ्या गुडघ्यानं ओट्याशी उभ्या राहिलात. ह्यांना लाज वाटून तेही शेवटी पोळ्या लाटायला शिकले! आता मी वेल्डिंगच्या लाइनवर आहे ती तुमच्यामुळे. तो रोबोट कसा वळतो, त्याचा व्हिडिओ तुम्हाला दाखवायचा होता. आज दाखवते, उद्या दाखवते म्हणत राहिले.

काल ओंकारचा मेसेज आला. "ताई, आजींची आयडी तुम्ही चालवा ना. हीलर नाही तर आमचं काही खरं नाही." खरं सांगू? क्षणभर मोह झाला. इतकं तयार झालेलं कॅरेक्टर!

पण नाही. ते तुम्ही निवडलंत, तुम्ही वाढवलंत. त्याला पुन्हा माझा हात लागणार नाही, हा माझा शब्द. पोरांना मात्र असं पडू देणार नाही. माझ्या आयडीवर जखम भरायला मी पहिल्यापासून शिकेन. मला कुणी सांगितलं म्हणून नाही हो, मलाच शिकायचंय. ओंकारला कळवलंय, थोडे दिवस मरायची तयारी ठेव. आता बसतेच.

तुमची,
सुवर्णा