साडूभाऊंच्या गॅरेजातले रविवार

राजुरी, ता. जुन्नर
दि. १२ जुलै

आदरणीय साडूभाऊ सोपानराव यांना राजुरीहून रत्नदीपचा सप्रेम जय भीम.

पत्र बघून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. आम्ही सगळे इकडे ठीक आहोत. तुमची तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? गाडीखाली तासन्‌तास उताणं पडून पाठ धरत असेल (धरत नसेल तर नवल आहे, माझी धरते, का धरते ते पुढे येईलच). रत्नाताईंची शुगर आटोक्यात आहे असं ज्योत्स्ना बहिणीशी फोनवर बोलून म्हणाली, ऐकून बरं वाटलं. फोनवरच बोललो असतो, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकून बाकावर ठेवता आणि स्पॅनर फिरवत बोलता. मग माझं बोलणं रत्नाताई ऐकतात, शेजारचे ऐकतात आणि रविवार असला तर आमची यशूसुद्धा ऐकते. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहायचं तर तिथे तुमच्या गाडीच्या फोटोंतून वाट काढता काढता आपल्याला काय लिहायचं होतं तेच माणूस विसरतो. म्हणून हा कागद.

मागच्या वर्षीच्या बुद्ध पौर्णिमेला तुम्ही सगळ्यांना मंचरला जेवायला बोलावलंत, तिथपासून सांगतो. खीर उत्तम झाली होती. खीर झाल्यावर तुम्ही हात धुतलेत आणि सहज (तुमचं 'सहज' मला माहीत आहे, गॅरेजच्या फरशा सकाळीच पुसलेल्या दिसत होत्या) शटर वर केलंत. आत ती लाल, बसकी, दोन माणसांची, बिनटपाची गाडी. तीस वर्षांची म्हातारी, पण पावडर लावून बसवलेली. आपल्या सासूबाई पारूबाई, ज्यांना माझ्या ट्रॅक्टरवर चढायला दोन माणसं लागतात, त्या आपल्या आपण आत जाऊन बसल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "जावाई आसावा तर आसा. आमच्या धाकल्याच्या दुकानात पाय ठिवायला जागा नसती." धाकला म्हणजे मी. वीस वर्षं या बाईंच्या घरचे दरवाजे, खिडक्या, पाण्याच्या टाकीचा स्टँड मी फुकट वेल्डिंग करून दिला. त्या वेळी जावई कसा असावा हा विषय कधी निघाला नव्हता.

तरी तेही मी खिरीबरोबर गिळलं असतं. पण यशूने पुढे होऊन बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि विचारलं, "काका, हे कार्बोरेटर उघडू का?" आणि तुम्ही एका शब्दात म्हणालात, "उघड." झालं. त्या दिवसापासून आमची एकुलती एक मुलगी दर रविवारी अकराच्या एस.टी.ने मंचरला जाते आणि दिवेलागणीला हात काळे करून परत येते. डिप्लोमाला मेकॅनिकलला आहे, तिने शिकावं हे मलाही पटतं. पण जेवताना तिला तुम्ही आमच्या घरात ऐकलेलं नाही. काका म्हणतात प्लग असा पुसायचा. काका म्हणतात घाईने कसलेला नट पुढच्या माणसाला शिव्या देतो. काका म्हणतात आमटीत मीठ कमी खावं (हे गाडीत कुठे बसतं ते मला कळलं नाही). एका रात्रीच्या जेवणात मी 'काका म्हणतात' चौदा वेळा मोजलं. चौदाव्या वेळी मी म्हणालो की पप्पासुद्धा अधूनमधून काहीतरी म्हणतात. ती म्हणाली, "काय म्हणता?" आणि मी आमटीत वरून मीठ घालून घेतलं.

आता साडूभाऊ, तुम्ही मनाने मोठे आहात म्हणून स्पष्ट लिहितो. पिंपरीच्या कारखान्यात तुम्ही तीस वर्षं काढलीत, पण हातात कागद आणि पेन घेऊन. मी सव्वीस वर्षं राजुरीत ट्रॉल्या बनवतो. आणे गावापासून आळेफाट्यापर्यंत रस्त्यावर उभं राहा, दर तिसरी ट्रॉली माझ्या हातची निघेल. त्या दिवशी सगळे गाडीच्या रंगात तोंड बघत होते तेव्हा मी खाली वाकून मागच्या चाकाजवळचा जोड बघितला. शेण थापल्यासारखं वेल्डिंग आहे. मी बोललो नाही, कारण खीर तुमची होती.

तर सांगायची गोष्ट ही, आणि ती दुसऱ्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावी, की माझ्याकडेही स्पोर्टस्‌ गाडी आहे. दिवाळीनंतर घेतली. आळेफाट्याचे भंगारवाले गेणभाऊ यांनी बातमी आणली की तळेघरच्या पुढे पुण्याच्या एका साहेबांच्या फार्महाऊसवर अशीच एक दोन माणसांची गाडी पडून आहे. बघायला गेलो तर शेवटचे पाच किलोमीटर चालावे लागले आणि गाडीत कोंबड्या राहत होत्या. ड्रायव्हरच्या सीटवर एक खुडूक कोंबडी होती, ती उठायला तयार नव्हती. राखणदार म्हणाला, "पावणं, गाडी न्या, पर तिला हलवू नगा, आठ दिसांत पिल्लं निघत्याल." म्हणून आठ दिवस थांबलो. (तुमची गाडी तुम्ही पुण्याच्या बंगल्यातून कंटेनरवर आणलीत. तुम्हाला कोंबडीचा मुहूर्त बघावा लागला नाही.) मग ताडपत्रीखाली झाकून माझ्याच ट्रॉलीत घालून आणली आणि ज्योत्स्नाला सांगितलं की जुनं मळणीयंत्र आहे. इंजिन काढून दुकानात गोणपाटाखाली ठेवलं. कोणी विचारलं तर जनरेटर. सांगाडा घरामागच्या बराखीत ढकलला (बराखी म्हणजे आमची कांदा साठवायची जाळीची लांब चाळ, बंगल्यात राहून विसरला असाल).

इंजिन उघडल्यावर कळलं की ट्रॉलीला इंजिन नसतं हा तिचा किती मोठा गुण आहे. पुस्तकं इंग्रजीत, मोबाइलवरचे मास्तर हिंदीत आणि घाईत. मग मला एक युक्ती सुचली, तिची आता लाज वाटते पण सांगतो. मी जेवताना यशूला सहज विचारायला लागलो. समजा एखाद्याच्या गाडीचा पिस्टन गंजून बसला, तर तुझे काका काय करतील? ती रविवारी तुम्हाला विचारायची आणि रात्री मला उत्तर मिळायचं. डिझेल घालून चार दिवस मुरू द्यावं, हे तुमचंच. व्हॉल्व्हला खुणा करून ठेवाव्यात, हेही तुमचंच. कार्बोरेटरमध्ये कोंबडीचं पीस निघालं तर काय, या प्रश्नावर तुम्ही तिला म्हणालात म्हणे की असं कुणाच्या गाडीत निघत नाही. निघतं. पाच निघाली. हिवाळाभर ते चमत्कारिक प्रश्न कुठून येतात याचं तुम्हाला कोडं पडलं असेल, ते सगळे माझे होते. या पोरीशी मी जेवढा त्या चार महिन्यांत बोललो तेवढा आधीच्या चार वर्षांत बोललो नव्हतो, आणि ते सगळं बोलणं तुमच्याविषयी होतं.

सांगाड्यावर मात्र मी कुणाचं ऐकलं नाही, लोखंड माझं आहे. खालचा सगळा गंजका पत्रा कापला, नवा घातला, जोड असे मारले की बोट फिरवून सापडणार नाहीत. मार्चमधल्या एका दुपारी मागचा बंपर बसवून झाला, मी मागे सरकून काच डोळ्यांवरून वर केली आणि बघतो तर बंपरच्या बरोबर मध्ये ट्रॉलीचा हुक. मीच मारला होता. सव्वीस वर्षं मागच्या बाजूला आलो की हात हुक मारतो, त्या हाताला कुणी सांगितलंच नव्हतं की आज ट्रॉली नाही. कापायला ग्राइंडर उचलला आणि पुन्हा खाली ठेवला, कारण जोड फारच सुरेख झाला होता. राहू द्या. तुमच्या गाडीला मागे काही जोडता येतं का? माझ्या गाडीला दोन टन कांदा जोडता येईल.

कांद्यावरूनच पुढचं संकट. एप्रिलमध्ये मी मागचे दिवे आणायला पुण्याला गेलो. तेवढ्यात ज्योत्स्नाने चिमाबाईंची टोळी बोलावून कांदा काढला आणि संध्याकाळपर्यंत बराखी आढ्यापर्यंत भरली. मी धावत गेलो तर चिमाबाई अभिमानाने म्हणाल्या, "दादा, तुमची मशीन व्हती ना आत, तिच्यावर ताडपत्री चापून बशिवली आन्‌ मंग वरून कांदा वतला. एक इंच जागा वाया जाऊ दिली न्हाई." सीटवर कांदा आहे, बॉनेटवर कांदा आहे, स्टिअरिंगच्या अवतीभवती कांदा आहे. आणि एकदा बसलेला कांदा हलवायचा नसतो, हलवला की सडतो, हे मी ज्योत्स्नाला सांगायची गरज नाही, ते तिनेच मला शिकवलंय. भाव चढल्याशिवाय ती एक गोणी बाहेर काढणार नाही. मी मागची जाळी सोडून रांगत आत जातो. हाताला येतो तेवढा बंपर आणि तिथेच आडवं पडून बसवलेला मागचा डावा दिवा पुसतो, आणि परत येतो. इंजिन दुकानात तयार आहे आणि गाडी कांद्याखाली. गावात बोलतात की रत्नदीप दुपारी बराखीत जातो आणि लाल डोळ्यांनी बाहेर येतो. ते काय समजतात ते मला माहीत आहे. खरं सांगण्यापेक्षा ते परवडलं.

तर अशी आमची खुशाली. सासूबाईंना यातलं काही कळवू नका, गाडी बाहेर निघाल्यावर त्यांना मी स्वतः आत बसवणार आहे (शेजारच्या सीटवरचा कांदा काढून). रत्नाताईंना नमस्कार.

आपला धाकटा साडू,
रत्नदीप

ता. क. पुढच्या काचेचं रबर तुम्ही कुठून आणलंत तो पत्ता तेवढा कळवावा. यशूमार्फत विचारणार होतो, पण रबराला 'समजा' लावता येईना.

ता. क. २. रबर मिळेल कुठेही, पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. गेल्या आठवड्यात यशूची वही मी वाचली. टेबलावर होती, आणि टेबलावरची वही वाचणं म्हणजे काही चोरून वाचणं नव्हे. आकृत्या सुंदर काढते. एका पानावर तुमच्या मागच्या चाकाच्या जोडाचं चित्र आहे आणि खाली लिहिलंय: 'जोड कच्चा आहे. काकांना वेल्डिंग जमत नाही. पप्पांना विचारू? नको, ओरडतील.' नऊ वर्षांची असताना ती रोज दुकानाच्या दारात येऊन उभी राहायची आणि मी रोज हाकलायचो. डोळ्यात ठिणगी गेली तर, पायावर पत्रा पडला तर, म्हणून. एक दिवस यायची थांबली, मला वाटलं शहाणी झाली. मला तुमचा हेवा वाटतो, सोपानराव. गाडीचा नाही. तुम्ही 'उघड' म्हणालात त्याचा. म्हणून हात जोडून मागणं एवढंच, की तिला सांगा, गाडी झाली, आता रविवारी येऊ नकोस. एखादा महिना. निदान दोन रविवार. गाडी अपुरी असली तरी सांगा. तुमचा तो जोड मी येऊन नीट करून देईन, कुणाला कळणार नाही.

ता. क. ३. पाकिटाला डिंक नाही आणि घरात खळ नाही. यशू पोस्टावरूनच जाते, तिथे चिकटवून टाक म्हणून तिच्याकडे देतो आहे. तिला मजकुराचा पत्ता लागणार नाही. दुसऱ्याचं लिहिलेलं वाचायची तिला सवय नाही, त्या बाबतीत ती माझ्यावर गेली आहे.

(पाकिटाच्या आतल्या बाजूला, बॉलपेनने, बारीक अक्षरात)

काका, या रविवारपासून मी पप्पांच्या दुकानाच्या दारात उभी राहणार, तुमच्याकडे येणार नाही, हे तुम्हाला मागच्याच रविवारी सांगितलंय, पण पप्पांना ते सांगू नका. तुम्ही त्यांच्या शब्दाखातर मला घरी बसवलंत असंच त्यांना वाटू द्या. माझ्यासाठी त्यांनी कुणापुढे हात जोडलेले मी पहिल्यांदा बघितलेत. — यशोधरा