फाटक्या कानाचा राजा

तक्षशिला, कार्तिक वद्य

ती. मेलिताताईस,
थेओनचे शि. सा. न. वि. वि.

इकडे पुन्हा राजा बदलला. नवे महाराज नीकांद्र. या शहरात त्यांना कुणी पाहिलेलं नाही, पण नाणी मात्र आठवड्याच्या आत हवीत! चेहरा कसा आहे म्हणून टांकसाळीच्या मुखियांना विचारलं, तर म्हणाले, नाक असेल, डोळे असतील, कपाळावर पट्टा बांध म्हणजे झाला राजा.

न पाहिलेला चेहरा कोरायचा कसा? ठसा पुढे घेऊन बसलो आणि हाताला आपला कालियासच आला. अंजीरवाल्याबरोबर एक नाणं पाठवतोय. कुणाला सांगू नकोस, नाहीतर माझं डोकं जाईल. एकट्यापुरतं रांधायचा कंटाळा येतो. काल डाळ पुन्हा करपली.

लोभ आहेच, तिकडून चार जर्दाळूही यावेत.
थेओन

पुष्कलावती, मार्गशीर्ष

चि. थेओनास अ. उ. आ.

नाणं मिळालं. उंबऱ्यातच बसून रडले. मग तुझा असा राग आला! अरे, कालियासचा डावा कान फाटका होता. तू उजवा फाडलास. तुतीवरून पडला तेव्हा खाली तूच उभा होतास ना, तोंडभर तुती कोंबून? सख्खा भाऊ विसरलास.

तो फौजेबरोबर नदीपार गेला, त्याला किती हिवाळे झाले ते मोजायचं मी सोडलंय. नाणं चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवलंय. भाकरी थापताना त्याच्याशी बोलते. शेजारीण म्हणते, मेलिता एकटी राहून खुळावली. म्हणू दे.

लोभ आहे म्हणून भांडते. जर्दाळू धाडले आहेत.
मेलिता

तक्षशिला, माघ

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नीकांद्र महाराज गेले. कुठे, कसे, कुणी विचारतसुद्धा नाही. नव्या राजाचा हुकूम आहे, त्यांची सगळी नाणी आटवा. मूस माझ्याच पुढ्यात होती. ओंजळी भरभरून आपला भाऊ मी आगीत टाकला, ताई. ठसाही मलाच घणाने फोडावा लागला.

कानाचं म्हणशील तर मी विसरलो नव्हतो. ठशात सगळं उलटं असतं. ठशातल्या चेहऱ्याचा डावा कान समोर होता, तो मी आठवणीप्रमाणे फाडला, आणि नाण्यावर तो उजवा झाला. इतकी वर्षं ठसे कोरतोय, तरी त्याच्या बाबतीत भान राहिलं नाही.

आता त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणायला गेलो की येतच नाही. उरलंय ते तुझ्याजवळचं एकच नाणं. जिवापाड जप.

तुझ्या रागालाही पारखा करू नकोस.
थेओन

पुष्कलावती, फाल्गुन

चि. थेओनास अ. उ. आ.

रागावू नकोस, आधी सगळं वाच.

परवा बाजारात डोंगराकडची एक म्हातारी नीकांद्राचं नाणं मागत फिरत होती. लोक हसत होते. ती त्याची दाई, तिने त्याला अंगावर पाजलं होतं. तो गुडघ्याएवढा असताना त्याला तिच्यापासून नेलं. त्यानंतर तिने त्याला पाहिलंच नाही. मोठेपणी कसा दिसायचा, एवढंच तिला बघायचं होतं.

तिला घरी आणलं, जवाची भाकरी वाढली. नुसतं दाखवावं म्हणून नाणं काढलं. तिने त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, नाक अगदी आईचं घेतलंय लबाडाने. मग बोट कानाशी थांबलं. माझ्या बाळाचा कान कुणी गं फाडला, म्हणून रडायलाच लागली.

खरं सांगायला तोंड उघडलं होतं, थेओन. पण सांगितलं ते असं, की कुणी नाही फाडला, बाई; तुतीवर चढला होता, पडला, आणि रडायच्या आधी हसला. बहिणीने राख लावून चिंधी बांधली. तिने विचारलं, तिथे बहीण होती का त्याला? म्हटलं, होती. फार जीव होता तिचा त्याच्यावर.

तिने नाणं पदराच्या गाठीत बांधलं. मी सोड म्हणू शकले नाही.

कोनाडा रिकामा आहे. भाकरी थापताना आता कुणाशी बोलू? ठसे राहू देत, राजे येतील आणि जातील. तू ये.

लोभ पत्रातून पुरत नाही.
मेलिता