शॉर्टहँडच्या वर्गाला चौथी हवी

धाकटे,

डोक्यावर खुर्च्या ओढल्या की माणसाचं काय होतं ते तुला कळायचं नाही, तुझ्या डोक्यावर नुसती गच्ची आहे. माझ्या डोक्यावर शॉर्टहँडचा वर्ग आहे. रोज संध्याकाळी खर्र, खर्र! (तुझे गुडघे कसे आहेत? बरे असतील असं धरून चालते. थोरलीचे आशीर्वाद घे आणि पुढे वाच.)

शेवटी गेल्या महिन्यात चढले वर. दार ढकललं आणि एका दमात सगळं काढलं: खुर्च्या, चपलांचा ढीग, जिन्यातला दिवा, घरमालकाचा आळस. दम लागला म्हणून थांबले. तर बाई (रिटायर स्टेनो, घसा कायमचा बसलेला) मला काही बोलायच्या ऐवजी पुढच्या पोरीला म्हणाल्या, "वाच." आणि ती कार्टी वाचायला लागली की! माझंच भांडण, शब्दन् शब्द, "भवान्यांनो"सकट. वहीत डोकावले तर नुसत्या रेघा आणि टिंबं, कोंबडीने पाय पुसल्यासारखी.

मी तिथेच बसले. तुझे भावजी होते तोवर पेपराआडून "हं" म्हणायचे. आता लेक फोनवर म्हणतो, "आई, थोडक्यात." माझं बोलणं शेवटपर्यंत पोचलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

तेव्हापासून रोज जाते. बाईंच्या घशाऐवजी माझा घसा. मी बोलायचं, पोरींनी उतरवायचं. भाजीबाजारावर बोलले की त्यांना झेपतं, सासरवर घसरले की पेन्सिली मोडतात. बाई सांगतात, ही विद्या दोन हजार वर्षांची. एका मोठ्या वक्त्याच्या गुलामाने धन्याची भाषणं टिपायला खुणा काढल्या. (धनी बोलून मोकळा, बोटं मोडणार गुलामाची. सगळ्या घरांत हेच.) मधे कधी लोकांना हे चेटूकही वाटायचं म्हणे. रेघ बारीक काढली की प, तीच दाबून काढली की ब. स्वर तर गाळूनच टाकतात, तरी वाचता येतं!

आता म्हणे फोन सगळं टिपतो. टिपतो गं. पण मी काही गमतीचं बोलले की या पोरींचे हात थांबतात, त्या हसतात, आणि मग राहिलेलं गाठायला पळतात. फोन कशाला थांबतोय?

चौघी होत्या. एकीला नोकरी लागली, ती गेली. चौघींच्या खाली वर्ग चालवायचा नाही, असा संस्थेचा नियम. सोमवारपासून कुलूप. बरंच झालं, डोक्यावरची कटकट गेली. बाईंना तसं तोंडावर सांगून आले.

तुझी,
ताई

ता. क. चौथी म्हणून तुझं नाव देऊन आले आहे. बॅग भर.

आणखी ता. क. शिकू नकोस हवं तर. वही उलटी धरलीस तरी कोणाला कळायचं नाही, नुसती बस. आणि खाली आल्यावर तुला काही बोलायचं असलं तर बोल, मी ऐकेन. (मला जमतं का ते मलाही बघायचंय.) शनिवारपर्यंत उत्तर पाहिजे. "बघते" हे उत्तर नव्हे.