सोमलीबाईचा लोटा

५ ऑगस्ट १९६१, दिवेलागण

सोमलीबाईच्या हातातला लोटा डोळ्यांपुढून हलत नाही.

माझ्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेताखालच्या नाल्यात तांड्यातल्या बाया वाळूत झिरा उकरून पिण्याचं पाणी भरतात. काठाला सहा हात रुंद गवताचा पट्टा होता. तो वाकडा दिसतो म्हणून यंदा मीच नांगरला. धुरे, शेताचे बांध, आखायला मी पुस्तकं वाचून शिकलो. माझ्यासारखी सरळ ओळ या भागात कोणाची नाही. त्याच पुस्तकांत छापलं होतं, नाल्याकाठचं गवत मोडू नका, शेतातून वाहून येणारं ते अडवतं. वाचलं नव्हतं का? वाचलं होतं.

परवा किडीसाठी विषाची भुकटी मारली. काल पाऊस पडला. आज झिऱ्याजवळ मासोळ्या उलट्या पडलेल्या.

झिऱ्यावर पाणी भरणाऱ्या सोमलीबाईनं नेहमीसारखा लोटा पुढे केला. म्हटलं, तहान नाही.

"काहून जी भाऊ, आज तांड्याचं पाणी बाटवते का तुमाले?" ती हसली.

मी तिला तसंच वाटू दिलं. विषाचं बोललो नाही. मग तिनं तोच लोटा स्वतःच्या तोंडाला लावला.

तांड्यावर चुलींचा धूर दिसतो आहे. आधण त्याच पाण्याचं असणार. आणि मी इथे बसून अक्षर वळणदार काढतो आहे.