समुद्राच्या पुस्तकाचा पत्ता

३ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी उठलो. दूध घेतलं. वीजबिल भरून आलो. दुपारी मेहुणी आली. आमच्या हिला जाऊन आज चार महिने झाले, तेव्हा मी रडत बसलो असेन अशा समजुतीने आली असावी. मी फ्रिजच्या दाराचं रबर जुन्या टूथब्रशने घासत होतो. त्यात जे साचलं होतं ते लिहिण्यासारखं नाही.
मेहुणी म्हणाली, भाऊजी, ताईची पुस्तकं मी माझ्या वॉर्डातल्या पेशंटना नेते, ताईच तसं बोलली होती. तुम्ही काय, जन्मात त्यातलं एक पान उलटलं नाहीत. ती नर्स आहे. बोलतानाही सुई टोचते. मी म्हणालो, पुस्तकं या घरातून हलणार नाहीत. हिला पुस्तकांतली गावं बघायची होती. रिटायर झालो की जाऊ, असं मीच सांगितलं होतं. आता मी रिटायर आहे. सगळी गावं मी बघणार. मेहुणी हसली. म्हणे, सगळी राहू देत हो, महिनाअखेरपर्यंत एका पुस्तकाचं गाव बघून या, पुस्तकं तुमची. नाहीतर एक तारखेला टेम्पो आणते.
एक म्हणजे किरकोळ. महिन्यात निम्मा देश होईल.

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ६
पुस्तकं मोजली. एक्केचाळीस. फार घाणेरडी वस्तू. तेलाचे डाग, चहाचे गोल, एकात चपटी झालेली माशी. खूण म्हणून काय वाटेल ते घातलंय. एकात हिचा लांब केस निघाला. पुस्तक बंद केलं. आज एवढंच.

६ फेब्रुवारी, गुरुवार
एक कादंबरी वाचायला घेतली. पहिल्या पानावर एक बाई खिडकीत उभी. सहाव्या पानावरही उभीच. गावाचं नाव नाही, जिल्हा नाही, पिनकोड नाही. मी तेहतीस वर्षं टपालाच्या सॉर्टिंगला काढली. असं पाकीट हातात आलं असतं तर शिक्का मारून परत पाठवलं असतं. यांना बक्षिसं देतात म्हणे.

८ फेब्रुवारी, शनिवार
मार्ग सापडला. पुस्तकाच्या सुरुवातीला लेखकाचं मनोगत असतं. दीड-दोन पानं. त्याखाली डाव्या हाताला, पत्रात असतं तसं, गाव आणि तारीख! हाच पत्ता. बाकीची तीनशे पानं वाचायचं कारण नाही. हिने उगाच डोळे खराब करून घेतले.
संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस पुस्तकं विभागवार लावली. उत्तर, दक्षिण, डोंगर, किनारा. रबरबँड घातले. एकोणीस पुस्तकं एकाच मोठ्या शहरात घडतात. लेखकांना हिंडायचा कंटाळा दिसतो.

९ फेब्रुवारी, रविवार
सुरुवात होडीच्या चित्राच्या पुस्तकाने करायची. हिने ते इतक्यांदा वाचलंय की शिवणीवरचा कागद गळून गेलाय. कथा समुद्रावरच्या गावातली, असं मागे छापलंय. मनोगताखालचं गाव मात्र समुद्रापासून नऊ तास आत. नकाशा नीट बघितला. गावाला लागून निळा ठिपका आहे. म्हणजे तलाव. लेखक मंडळी तलावालाही समुद्र म्हणतात, तेव्हा पुस्तक किनारा विभागात. उद्या निघतो.

१० फेब्रुवारी, सोमवार
बॅगेची चेन अडकली. उद्या.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
घसा. बाहेरगावचं पाणी या घशाला सोसणार नाही. तोवर दौऱ्याचा तक्ता केला. चार रंगांत. तक्ता झाला की प्रवास निम्मा झाल्यासारखाच.

१९ फेब्रुवारी, बुधवार
तक्त्यात चूक. डोंगर आणि किनारा यांचे रंग उलटे झाले. पुन्हा केला. मेहुणीचा फोन आला, विचारत होती, कुठवर आलात? निघण्याच्या शेवटच्या टप्प्यात आहे, असं सांगितलं. ती म्हणाली, टेम्पोवाल्याला मी सांगून ठेवलंय हं.

२४ फेब्रुवारी, सोमवार. लॉज, रात्री ८
पोचलो. बसमध्ये शेजाऱ्याने बूट काढून पाय माझ्या बॅगेवर ठेवले. मोजे ओले होते. का ओले होते, देव जाणे. लॉजच्या उशीवर कुणाचा तरी तेलकट गोल. साबण वापरलेला. मालकाला दाखवला तर म्हणतो, काका, अर्धा शिल्लक आहे की. उशीवर माझा शर्ट अंथरून झोपणार. हिला हे झेपलं नसतं. आणलं नाही ते बरंच केलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
पोस्टात जाऊन लेखकाचं नाव सांगितलं. आपल्या खात्याची माणसं ती आपली माणसं. पोस्टमनने दोन मिनिटांत घर सांगितलं. तिसरा मजला, जिन्यात पिचकाऱ्या. दार मुलाने उघडलं. बनियन, तोंडात ब्रश. वडील जाऊन अकरा वर्षं झाली म्हणाला. मी विचारलं, पुस्तकातला समुद्र कुठल्या बाजूला? तो इतका हसला की फेस माझ्या बुटावर पडला. म्हणे, अहो काका, तो समुद्र नऊ तास लांब. हे गाव बाबांचं, पुस्तकाचं नाही. बाबांना तर बस लागायची, भाजीबाजाराच्या पुढे कधी गेले नाहीत. सगळा समुद्र या टेबलाशी बसून लिहिला. मग विचारतो, तुम्ही वाचलंय ना पुस्तक? मी म्हणालो, आमच्याकडे वाचलं गेलं आहे.
बूट पुसला आणि निळ्या ठिपक्याकडे गेलो. तो तलाव नाही. गावाच्या सांडपाण्याचा हौद आहे. वर करडी साय. तिथल्या वॉचमनने नाकाला रुमाल बांधला होता. म्हणाला, साहेब, फिरायला आलात? त्याच्याकडून फोटो काढून घेतला.
मुलगा काहीही म्हणो. पुस्तकावर या गावाचं नाव छापलेलं आहे आणि मी ते गाव पाहिलं. अट पूर्ण.

२६ फेब्रुवारी, बुधवार
घरी. अंगाला वास येतोय. मेहुणीपुढे काय बोलायचं ते पाठ केलं.

१ मार्च, शनिवार
मेहुणी टेम्पो घेऊनच आली. फोटो दाखवला. बराच वेळ बघत होती. मग विचारलं, भाऊजी, हे काय आहे? मी सांगितलं, समुद्र. म्हणजे लेखकाने ज्याला समुद्र म्हटलंय ते.
ती हसेल म्हणून तयारीत होतो. हसली नाही. खुर्चीत बसली. म्हणाली, अहो, त्या पुस्तकातली बाई समुद्रावर कधी जातच नाही. ओट्याशी उभी राहून नुसता आवाज ऐकते. तुम्हाला ठाऊक नाही? ताई तर सगळ्यांना सांगायची, संध्याकाळी मी वाचते नि हे ऐकतात, होडीचं पुस्तक ह्यांनी तीनदा ऐकलंय, ह्यांना तोंडपाठ आहे म्हणून.
संध्याकाळी मी शेजारी बसायचो हे खरं आहे. मनात दुसऱ्या दिवशीच्या ड्यूट्या लावायचो. ती मधेच थांबून बघायची, तेव्हा मान हलवायचो. मेहुणीला पुस्तकं न्या म्हणालो.
टेम्पोवाला रबरबँडसकट गठ्ठे उचलत होता. लायब्ररी आहे का काका, असं विचारत होता. शेवटचा गठ्ठा मेहुणीने दारात अडवला. होडीचं पुस्तक काढून पुढे केलं. हे तरी ठेवा, भाऊजी.
एक काढलं तर किनारा विभागात एकच उरतं. सेट फुटेल. मी नको म्हणालो. तिने दोनदा विचारलं. मी दोनदा नको म्हणालो.
टेम्पो गेला. कपाट मोकळं झालं, हवा खेळती राहील. चांगलंच झालं.
प्रवासाचे कपडे तसेच पडले होते. ते बादलीत भिजवले. पाणी लगेच काळं झालं. ओतून दिलं, दुसरं घेतलं, आणि ते स्वच्छ निघेपर्यंत मोरीत स्टूल टाकून बसलो.