ऐकू येणारं लेकरू

१८ जानेवारी २०२४
रिपोर्ट आला! डॉक्टर मॅडमनी कागदावर लिहून समजावलं — माझं अन् गोकुळचं जन्मजात बहिरेपण दिसायला एकच, पण त्यामागची जनुकं वेगळी. माझ्यात एका जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या, त्याच्यात दुसऱ्याच जनुकाच्या. पोटातल्या बाळाला दोन्ही जनुकांची एकेक चांगली प्रत मिळणार. खाली रेघ मारून लिहिलं, 'बाळाला ऐकू येईल.'
सासूबाईंचे ओठ वाचले — "देव पावला!" लगेच गावी, करमाडला फोन.

१९ जानेवारी
मला रडू का आलं?

२ फेब्रुवारी
लिहूनच टाकते. मला माझ्यासारखं लेकरू हवं होतं. पाप आहे का हे?
लहानपणी जेवताना घरचे सगळे हसायचे. मी आईचा हात ओढायचे — काय झालं? "नंतर सांगते." ते नंतर कधी आलंच नाही. आता माझंच पोर आजीशी बोलून हसेल, अन् मी पुन्हा हात ओढत बसेन.
गोकुळ वाळूजच्या कंपनीतून शिफ्ट संपवून आला, त्याला सांगितलं. त्याने हातातला डबा खाली ठेवला. मग खूण केली — मलाही.

२९ जून
ऋतुराज सव्वा महिन्याचा. कुकरची वाफ उडाली अन् तो दचकला! आनंद झाला. खरंच झाला. पण मान वळवली ती माझ्यापासून दूर.

११ नोव्हेंबर
सासूबाई — "त्याच्याम्होरं हातवारे नको करू, तनुजा. लेकरू मुकं राहील." डॉक्टर मॅडम म्हणतात, असं काही होत नसतं. पण सासूबाईंना पटत नाही. त्या समोर असल्या की मी हात ओढणीत गुंडाळून बसते. दुपारी त्या आडव्या झाल्या की मी त्याच्याशी हातांनी बोलते, चोरून. तो नुसता बघतो.

९ मार्च २०२५
गच्चीवर कपडे वाळत घालत होते. सासूबाई धापा टाकत वर आल्या, ऋतुराज कडेवर, रडून लाल. "कवापासून असं करतंय, बघ —" त्यांनी स्वतःच्या नाकपुडीला बोट लावून दाखवलं. "काय मागतंय गं?"
'आई'ची खूण!
मी स्वतःकडे बोट दाखवलं. त्या बघतच राहिल्या. मग लेकरू माझ्याकडे देत, सावकाश, मला ओठ वाचता यावेत असं म्हणाल्या —
"अन् आजी? आजी कसं म्हणायचं, दाखव की मला."