आधी दाणे, मग मोटर

३ डिसें., बुध.
कंपनीचा नवा कॉम्प्युटर-बोर्ड आज पाचव्यांदा मेला. कामात असताना नाही. काम संपून प्रोसेसरचा वेग खाली येतो, तेव्हा. चढताना ठणठणीत, उतरताना आडवा. पुण्याच्या साहेबांचा फोन: "सोमवारपर्यंत जमलं नाही तर इकडेच ये, लॅबमध्ये बसून करू." गोड आवाजातली धमकी. त्याचा वेग सांभाळणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, मी लिहिला, निस्तरायचा मीच. पण इथून, माझ्या गावातून, सिंदीतूनच. पुण्यात चार वर्षं काढली, पुरे. इथे सकाळी आईची पिठाची चक्की सुरू झाली की खिडकीची काच थरथरते, आणि मला बरं वाटतं.

५ डिसें., शुक्र.
वेग एकदम न उतरवता थांबत थांबत उतरवला. तरी मेला. आईने तुरीच्या ओल्या दाण्यांचा सोलेभात केला होता, दोनदा घेतला. बोर्ड मेला म्हणून भूक मरत नाही.

६ डिसें., शनि.
आई बाजारात, चक्कीवर मी. शेजारच्या शांताकाकूंचा गहू चालू होता. साहेबांचा फोन वाजला, ऐकू येईना, म्हणून खटकन मोटर बंद केली. वरून गहू पडतच होता. चक्की गच्च. पुन्हा सुरूच होईना.

तेवढ्यात आई आली. "अवं, दाणे पडून राह्यले अन् मोटर काऊन बंद केली? पयले दाणे थांबव, चक्की खाली होऊ दे, मंग मोटर. चालू कराचं तं पयले मोटर, मंग दाणे. लहानपनापासून पाहून राह्यली, इतकंबी समजत नाई तुले?"

समजलं. जरा जास्तच समजलं. आईला चक्की उपसत सोडून घरात पळाले.

चढताना माझा कोड आधी व्होल्टेज वाढवतो, मग वेग. बरोबर. उतरतानाही तोच क्रम! आधी व्होल्टेज काढून घेतो, वेग तसाच धावतोय. मोटर बंद, दाणे चालू. किती दिवस घालवले मी यात! उतरतानाच्या दोन ओळी वरखाली केल्या, बस.

७ डिसें., रवि.
कालपासून बोर्ड हजारो वेळा चढला-उतरला. जिवंत. साहेबांना कळवलं, पुणं टळलं. दिवसभर उगाच हसतेय.

आता दुरुस्ती कर्नेलवाल्यांच्या, म्हणजे कॉम्प्युटरचा गाभा मिळून लिहिणाऱ्या जगभरच्या लोकांच्या, ईमेल-यादीवर पाठवायची. तिथे 'कोणी सुचवलं' अशी एक ओळ असते. त्या माणसाला विचारल्याशिवाय नाव टाकायचं नाही, असा रिवाज. आईला विचारलं.
"कुठं छापून येते?"
"जगभर."
"मंग नको. उद्या बिघडलं तं लोक मलेच बोलतीन."

९ डिसें., मंगळ.
भाकरी थापता थापता आईच म्हणाली, "ते तुहं डबडं चालते का अजून?"
"चालतंय."
"माह्यासमोर आणून ठेव. आठ दिवस पाहीन. मंग सांगीन नावाचं."
याहून कडक तपासणी कर्नेलवालेही करत नसतील.

११ डिसें., गुरु.
बोर्ड चक्कीशेजारी, पीठ जाऊ नये म्हणून प्लॅस्टिकच्या डब्यात. साहेब विचारतात, पाठवलं का? म्हटलं, एक परवानगी बाकी आहे. "कोणाची?" आईची, म्हटलं.

दुपारी शांताकाकू दळण न्यायला आल्या. डब्यातला लुकलुकता दिवा पाहून म्हणाल्या, "हे काय वं?"
आई पिठाचे हात झटकत म्हणाली, "माह्या पोरीची चक्की आहे. उतरताना अडकत होती. मीच सांगतलं तिले."

मी आतून ऐकलं. यादीवरचं पत्र लिहून तयार आहे. 'कोणी सुचवलं' ती ओळ अजून रिकामी आहे; आईचे आठ दिवस व्हायचेत.